येसकराची काठी आणि वाद्यवृंदाची काठी

कंडक्टर म्हटले की आपल्या माणसाला एस.टी.चा कंडक्टर आठवतो आणि ऑर्केस्ट्रा म्हटले की जयंतीच्या रात्री चौकात होणारा गाण्यांचा कार्यक्रम. त्यामुळे ऐंशी-शंभर वादकांसमोर काठी घेऊन उभ्या राहणाऱ्या पाश्चात्त्य संगीतातल्या संचालकावर आम्ही लिहायला घेतले, तेव्हा एका कार्यकर्ता मित्राने खोचकपणे विचारले, "वकीलसाहेब, आपले प्रश्न संपले का?"

प्रश्न संपलेले नाहीत. पण ज्या एका शब्दाने आपल्या मुलांना गेली कित्येक वर्षे झोडपले जाते, त्या 'गुणवत्ता' नावाच्या शब्दाचा पंचनामा करायचा असेल तर या धंद्याइतके स्वच्छ उदाहरण दुसरे सापडणार नाही, असे आमचे मत आहे.

हा माणूस करतो तरी काय? रंगमंचावर सगळे वाजवत असतात आणि हा एकटाच काही वाजवत नाही. त्याच्यापुढे जी वही असते तिच्यात एकाखाली एक वीस-पंचवीस ओळी असतात. व्हायोलिनची वेगळी, बासरीची वेगळी, तुतारीसारख्या पितळी वाद्यांची वेगळी, नगाऱ्यांची वेगळी. या सगळ्या ओळी त्याने एका नजरेत वाचायच्या आणि त्यांचा एकत्र आवाज कसा येईल तो आधी डोक्यात ऐकायचा. उजव्या हाताने ठेका द्यायचा, डाव्या हाताने कुणाला दाबायचे, कुणाला उठवायचे. खरे काम कार्यक्रमाच्या दिवशी नसतेच. ते तालमीत होते. ऑपेरात तर आणखी कठीण. ऑपेरा म्हणजे गाण्यातून चालणारे नाटक. आपल्या जलशाच्या प्रेक्षकाला ती कल्पना परकी वाटू नये. तिथे वादक रंगमंचापुढच्या खड्ड्यात बसतात, गायक वर उभे असतात. गायिकेने एखादा सूर लांबवला की खालच्या साठ माणसांना संचालकाने तेवढ्यापुरते रोखून धरायचे आणि ती सुटली की सगळ्यांना एकदम सोडायचे. क्षणभर चूक झाली तर सगळे नाटक कोलमडते.

आता मुद्द्याची गोष्ट अशी की व्हायोलिन शिकणारा मुलगा घरी चार तास रियाज करू शकतो. तबला शिकणारा पाटावर बोटे चालवू शकतो. संचालक होऊ पाहणाऱ्याने रियाज कशावर करायचा? त्याचे वाद्य म्हणजे शंभर जिवंत माणसे. ती माणसे, त्यांची वाद्ये, तालमीची जागा, त्यांचा पगार हे सारे कोणीतरी त्याला उसने द्यावे लागते. हातभर सुद्धा नसलेली ती काठी स्वस्त आहे. वाद्यवृंद महाग आहे. म्हणून या धंद्यात 'उपजत गुण' या गोष्टीला एक मर्यादा आहे. कितीही गुण असला तरी तो आहे की नाही हे कळण्यासाठीसुद्धा आधी कोणीतरी आपला वाद्यवृंद त्या पोराच्या हाती द्यावा लागतो.

महाराष्ट्राच्या मातीतून या क्षेत्रात जगभर गेलेले सर्वांत मोठे नाव म्हणजे झुबिन मेहता. २९ एप्रिल १९३६ रोजी मुंबईत जन्म. वडील मेहली मेहता व्हायोलिनवादक. त्यांनी १९३५ साली, म्हणजे मुलाच्या जन्माच्या आदल्या वर्षी, बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता. त्या वाद्यवृंदात पारशी होते, गोव्याचे वादक होते आणि पितळी वाद्यांसाठी नौदलाच्या बँडातली माणसे बोलावली जात. म्हणजे झुबिन मेहता पाळण्यात होते तेव्हाच घरात वाद्यवृंद होता. तालमी कानावर पडत होत्या. सोळाव्या वर्षी त्यांनी वडिलांच्या वाद्यवृंदाची तालीम घेतली. सोळावे वर्ष! आपल्याकडे त्या वयाचे पोर दहावीचा निकाल हातात घेऊन वसतिगृहाच्या खिडकीपुढे उभे असते.

घरच्यांना मुलगा डॉक्टर व्हावा असे वाटत होते आणि त्यांनी वैद्यकीयच्या आधीचा अभ्यासक्रम काही काळ केलाही. तो सोडून १९५४ साली, अठराव्या वर्षी, ते व्हिएन्नाला गेले. तिथल्या संगीत अकादमीत हान्स स्वारोव्स्की यांच्याकडे संचालन शिकले, जोडीला डबल बास हे मोठे तंतुवाद्य वाजवले. मोठमोठ्या संचालकांच्या तालमी बाहेरच्यांना बघू देत नसत, म्हणून ते आणि त्यांचे सहाध्यायी क्लाउडिओ अबाडो समूहगायकांच्या संघात भरती झाले. तालमीत गायला उभे राहायचे आणि डोळे मात्र संचालकाच्या हातावर. ही जिद्द आम्हाला मनापासून आवडते. शाळेच्या व्हरांड्यात बसून वर्गातले ऐकणाऱ्यांची आम्ही लेकरे आहोत, दाराबाहेरून शिकणे म्हणजे काय हे आम्हाला कोणी सांगायला नको. फरक इतकाच की मेहतांना गायकांच्या दाराने का होईना, आत जाता आले.

पुढची चढण बघण्यासारखी आहे. १९५६ मध्ये हंगेरीतून पळून आलेल्या निर्वासितांसाठी विद्यार्थ्यांचा वाद्यवृंद जमवून त्यांनी कार्यक्रम केला. १९५७ मध्ये पदविका. १९५८ मध्ये इंग्लंडमधल्या लिव्हरपूलच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पहिला क्रमांक आणि त्याचे बक्षीस म्हणून तिथल्या वाद्यवृंदात वर्षभराची उमेदवारी. त्यानंतरची दोन वर्षे म्हणजे आजारी पडलेल्या किंवा ऐनवेळी न आलेल्या बड्या संचालकांच्या जागी उभे राहण्याची. कॅनडातील मॉन्ट्रियलला असेच बदली म्हणून गेले आणि तिथलेच संचालक झाले. लॉस एंजेलिसलाही बदली म्हणूनच गेले. तिथे मुख्य संचालक म्हणून नेमलेले जॉर्ज शोल्टी आपल्याला न विचारता मेहतांना सहायक नेमले म्हणून रागावून निघून गेले आणि १९६२ मध्ये सव्वीस वर्षांचा हा मुंबईकर लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकचा प्रमुख झाला. १९६५ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात त्यांनी 'आयडा' हा ऑपेरा सादर केला. पुढे न्यूयॉर्क फिलहार्मोनिक १९७८ ते १९९१, म्युनिकचा बव्हेरियन राज्य ऑपेरा १९९८ ते २००६, आणि इस्रायल फिलहार्मोनिकशी २०१९ पर्यंतचे नाते. पद्मभूषण १९६६, पद्मविभूषण २००१.

मेहतांच्या गुणांवर शंका घेण्याइतके आम्ही करंटे नाही. वडिलांचा वाद्यवृंद तर धाकट्या भावाच्याही घरी होता. तो हिशेबनिसाच्या शिक्षणाकडे वळला. तेव्हा घर म्हणजे सर्वस्व नव्हे. पण मेहतांच्या चरित्राची एकेक पायरी मोजा. घरचा वाद्यवृंद, सरकारी अकादमी, स्पर्धेचे बक्षीस म्हणून मिळालेला वाद्यवृंद, आजारी माणसाच्या जागी मिळालेला वाद्यवृंद. प्रत्येक पायरीवर कोणीतरी काहीतरी उसने दिले आहे. त्या सगळ्या उसनवारीची बेरीज झाली की तिला आपण प्रतिभा म्हणतो. आणि आपल्या मुलाला राज्यघटनेने एक पायरी दिली की तिला मात्र 'कुबडी' म्हणतात!

उसने देणारे नसले की काय होते त्याचीही साक्ष आहे. डीन डिक्सन हे कृष्णवर्णीय संचालक १९१५ साली न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात जन्मले. बाबासाहेब तेव्हा त्याच शहरात कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. डिक्सन यांनी जुलियार्ड या नामांकित संस्थेतून आणि पुढे कोलंबियाच्याच शिक्षक महाविद्यालयातून शिक्षण घेतले. कोणी वाद्यवृंद देईना म्हणून विशीच्या आत हार्लेममध्येच स्वतःचा उभा केला. १९४१ मध्ये त्यांनी एन.बी.सी. सिंफनी आणि न्यूयॉर्क फिलहार्मोनिक या दोन बलाढ्य वाद्यवृंदांपुढे पाहुणा म्हणून काठी धरली. टाळ्या मिळाल्या, कौतुक झाले. कायमची जागा? एकाही अमेरिकन मोठ्या वाद्यवृंदाने दिली नाही. १९४९ मध्ये त्यांनी देश सोडला. स्वीडनमध्ये गोथेनबर्ग, ऑस्ट्रेलियात सिडनी, जर्मनीत फ्रँकफर्ट आकाशवाणीचा वाद्यवृंद अशी मानाची पदे त्यांनी परमुलखात भूषवली. मायदेशातल्या वाद्यवृंदापुढे पुन्हा उभे राहायला १९७० साल उजाडावे लागले. त्याच अमेरिकेत १९६२ मध्ये सव्वीस वर्षांच्या परदेशी तरुणाला एका महानगराचा वाद्यवृंद मिळाला होता. मेहतांचा यात काही दोष नाही. त्यांनी पुढे नाकारले असेही नाही, लॉस एंजेलिसला त्यांच्या काळात हेन्री लुईस हे कृष्णवर्णीय संचालक हाताखाली होते आणि हेच लुईस १९७२ मध्ये मेट्रोपॉलिटन ऑपेरात काठी धरणारे पहिले कृष्णवर्णीय ठरले. पण डिक्सन यांच्या बाबतीत गुणवत्ता कुठे कमी पडली, हे गुणवत्तावाद्यांनी सांगावे.

आता जरा जवळ येऊ. शिरूर तालुक्याच्या पूर्व भागात भीमेच्या काठी मांडवगण फराटा हे गाव आहे. उसाचा पट्टा, पलीकडे दौंड तालुका. हीच भीमा पुढे पंढरपुरात वळण घेते आणि तिला चंद्रभागा म्हणतात. त्या पंढरपुरात १९८२ साली जन्मलेली एक मुलगी तान्ही असतानाच डेन्मार्कमधल्या एका कुटुंबात दत्तक गेली. मारिया बॅडस्टू तिचे नाव. आज ती वाद्यवृंदाची संचालक म्हणून युरोपात ओळखली जाते. पोर तेच, रक्त तेच, नदीही तीच. ती इथेच राहिली असती तर तिच्या हातात काय आले असते, याचा विचार वाचकांनी आपापल्या मनाशी करावा. आम्ही मात्र मांडवगणला एका लग्नात जे पाहिले ते सांगतो.

वरातीपुढे बँड होता. हल्ली डीजेच्या भिंतींपुढे बँड टिकणे अवघड, तरी होता. दहा-बारा माणसे, दोन ट्रम्पेट, क्लॅरिनेट, एक मोठे पितळी भोंग्याचे वाद्य, साइड ड्रम, ढोल. मास्तर साठीच्या घरातले. गळ्यात क्लॅरिनेट, पाठ वरातीकडे आणि तोंड पोरांकडे. त्यांनी नुसती भुवई उचलली की ट्रम्पेट थांबायचे. कोपर जरा खाली आणले की ढोल मंदावायचा. घोडा बिथरला तेव्हा वाजते गाणे अर्ध्यात तोडून त्यांनी एका श्वासात दुसरे उचलले आणि एकही पोर चुकले नाही. ऑपेराचा संचालक गायिकेसाठी जे करतो तेच हे, घोड्यासाठी!

जेवणानंतर आम्ही त्यांच्यापाशी बसलो. मातंग समाजातले, तीन पिढ्यांचा धंदा. नोटेशन वाचता येते का, असे विचारले. मास्तर हसले. "साहेब, चाल कानात बसली की बोटात उतरते. कागदाची गरज कधी लागली नाही आणि कागद शिकवायलाही कोणी आले नाही." नोटेशन शिकलेला एकच माणूस त्यांनी पाहिला होता, तो लष्कराच्या बँडातून निवृत्त झालेला. ते खरेच असणार. गरिबाच्या पोराला स्वरलिपी रीतसर आणि फुकट शिकवणारी या देशातली मोठी जागा म्हणजे पचमढीचे लष्करी संगीत विद्यालय. गोव्यात चर्चच्या शाळांनी हे काम पिढ्यान् पिढ्या केले, म्हणून तर मुंबईच्या सिनेसंगीतात अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा अशी गोव्याचीच माणसे स्वरलिपी लिहून देणारी निघाली. (तिथेही जात सुटली नव्हती, हा वेगळा विषय.) बाकी महाराष्ट्रात अशी शाळा उभी राहिली नाही. त्याचा परिणाम बघा. मुंबईत २००६ साली सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापन झाला, तेव्हा बरेचसे वादक कझाकस्तानसारख्या देशांतून आणावे लागले. अकरा-बारा कोटींच्या या राज्यात, जिथे गल्लोगल्ली पितळी वाद्ये वाजतात, तिथे!

इथे चळवळीच्या आपल्या माणसांशीही थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. आपल्या आजोबा-पणजोबांनी वतनी कामाबरोबर हलगी, डफ, सनई खाली ठेवली. ते बरोबरच होते. गावची मिरवणूक निघाली की हुकूम यायचा आणि वाजवावे लागायचे. मोबदला म्हणून शिळे अन्न. येसकराच्या हातात घुंगरांची काठी असायची. ती अधिकाराची काठी नव्हती, हा माणूस कोण आहे हे दुरून कळावे यासाठी होती. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले आणि अखेर १९५८ च्या कनिष्ठ गावकामगार वतने निर्मूलन कायद्याने ती काठी कायद्यातून गेली. सक्तीचे वाजवणे गेले हे उत्तमच झाले. पण सक्ती गुन्हेगार होती, वाद्य नव्हे. वाद्याबरोबर वाजवण्याची विद्याही आपण टाकून दिली आणि ज्यांनी टाकली नाही त्या मातंग बांधवांकडे 'अजून वाजवतात' म्हणून नाक मुरडले. आमच्याही पिढीत हे बोलणे चालते. ज्यांच्या पूर्वजांनी कधी चामड्याला हात लावला नाही ते आज तालवाद्यांचे पंडित म्हणून मिरवतात आणि ज्यांनी ती वाद्ये मढवली, वाजवली त्यांच्या नातवाच्या हातात काही नाही, हा कुठला न्याय?

सरकारने मनावर घेतले तर काय होते हे व्हेनेझुएलाने दाखवले. अर्थशास्त्रज्ञ होसे अँतोनिओ आब्रेऊ यांनी १९७५ मध्ये मूठभर मुले घेऊन मुलांच्या वाद्यवृंदाची योजना सुरू केली. वाद्य आणि शिक्षण फुकट, पैसा सरकारचा. पहिल्या दिवसापासून मूल एकटे शिकत नाही, वाद्यवृंदात बसूनच शिकते. त्यातून गुस्तावो दुदामेल निघाले. १९८१ चा जन्म, वडील साल्सा बँडात ट्रॉम्बोन वाजवणारे, म्हणजे आपल्या भाषेत बँडवाल्याचा पोरगा. १९९९ मध्ये, अठराव्या वर्षी, देशाच्या युवा वाद्यवृंदाचे संचालक. २००४ मध्ये जर्मनीतल्या बाम्बर्गची माहलर स्पर्धा जिंकली. २००९ मध्ये, अठ्ठावीस वर्षांचे असताना, लॉस एंजेलिसला मेहता ज्या पदावर होते त्याच पदावर बसले. २०२१ ते २०२३ पॅरिस ऑपेराचे संगीत संचालकही होते. या योजनेवर टीका झाली आहे. शिस्तीच्या नावाखाली दडपशाही चालते, सत्ताधारी तिचा मिरवायला उपयोग करतात, अशी. ती टीका डोळ्यांआड करू नये. पण बँडवाल्याच्या पोराला शंभर माणसांचे वाद्य तिथे सरकारने उसने दिले, एवढी गोष्ट उरतेच.

हे परदेशातच घडते असेही नाही. ज्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबियाला गेले, त्यांच्याच बडोदे संस्थानात १८८६ साली सरकारी खर्चाने संगीत शाळा निघाली होती. शिष्यवृत्ती आणि गायनशाळा एकाच तिजोरीतून. आज राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेशी शिष्यवृत्ती आहे. आमच्याकडे दरवर्षी मुले अर्ज तपासून घ्यायला येतात. अभियांत्रिकी, व्यवस्थापन, कायदा. संगीत शिकायला जातो म्हणणारे मूल आजवर आलेले नाही. येणार कुठून? विद्यापीठापर्यंत पोचण्याआधी दहा वर्षे हातात वाद्य असावे लागते आणि ती दहा वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत जातात.

त्या शाळेसाठी कायदा आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या परिशिष्टात लिहिले आहे की सहावी ते आठवीला शंभराहून अधिक मुले असतील तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक असलाच पाहिजे. कला म्हणजे फक्त चित्रकला, असे कायद्यात कुठेही म्हटलेले नाही. महाराष्ट्रात असे निदेशक तुटपुंज्या मानधनावर नेमले गेले आणि मग त्यांना आपल्या नेमणुका टिकवण्यासाठी न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. कलम २१ प्रमाणे प्रत्येक सरकारी शाळेत व्यवस्थापन समिती असते, तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात आणि कलम २२ प्रमाणे शाळेचा विकास आराखडा ती समिती करते. आपल्या वस्तीतले पालक त्या समितीवर आहेत. आराखड्यात वाद्ये आणि संगीताचा निदेशक लिहून द्यायला त्यांना कोणी अडवलेले नाही. निदेशकाच्या पात्रतेत पदवीचा कागद आडवा येईल हे आम्ही धरून चाललो आहोत. तिथे आधी निवेदन, मग अपील, मग रिट हा आमचा नेहमीचा रस्ता आहे.

मांडवगणच्या मास्तरांना आम्ही विचारले, शाळेत पोरांना शिकवाल का? त्यांनी आधी आम्ही थट्टा करत नाही ना हे नीट पाहून घेतले. मग म्हणाले, "लग्नं आषाढात थांबतात ती तुळशीच्या लग्नापर्यंत. गणपतीचे दहा दिवस सोडले तर मी घरीच असतो. वाद्यंही पोत्यात घालून आढ्याला टांगलेली असतात."